उबुंटूतला नोड जुना का असतो, आणि नवा नेमका कुठे ठेवायचा?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला की नाशिककडे आडगाव असो, गंगापूर रोड असो की सिन्नर, पोरांचं पुढचं काम ठरलेलं असतं. लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स सिस्टम टाकायची, टर्मिनल उघडायचं आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल नोडजेएस एनपीएम’ मारायचं. (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, एनपीएम त्याच्या लायब्ररी आणतं, एपीटी उबुंटूतलं सॉफ्टवेअर टाकतं आणि सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने.) समजा, प्रोजेक्ट आहे लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव दाखवणारं ॲप. व्हिडिओत बघून लायब्ररी टाकली, सर्व्हर चालू केला, आणि स्क्रीनवर आलं: ‘सिंटॅक्स एरर: अनएक्स्पेक्टेड टोकन’, पुढे नुसतं एक प्रश्नचिन्ह. मग रात्रभर स्वतःच्या कोडमध्ये ते चुकलेलं प्रश्नचिन्ह शोधणं सुरू.

ते तिथे नसतंच. एररची सगळ्यात वरची ओळ नीट वाचा. फाइलचा पत्ता बहुतेक वेळा ‘नोड_मॉड्यूल्स’ या फोल्डरमधला निघतो, म्हणजे कोड तुमचा नव्हे, लायब्ररीचा. आणि लायब्ररीचंही काही चुकलेलं नाही. प्रश्नचिन्हाची ती नवी पद्धत नोडला १४ व्या व्हर्जनपासून कळते, आणि उबुंटू २२.०४ ने तुम्हाला दिलाय नोड १२.२२.९.

इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांकडे मला हा प्रकार सारखा दिसतो. त्यातली काही हुशार मुलं यावरून ‘आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही’ असं धरून बसतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख. सांगायचं एवढंच आहे: एपीटीने दिलेली साधनं सिस्टमसाठी असतात, ती तशीच राहू द्या. तुमच्या प्रोजेक्टची साधनं तुमच्या होम फोल्डरमध्ये, प्रोजेक्टला लागेल त्या व्हर्जनची, वेगळी ठेवा.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या.)

आधी समजून घ्या: पॅकेज जुनं का राहतं

उबुंटूचं एलटीएस, म्हणजे दीर्घ काळ सांभाळलं जाणारं, व्हर्जन दर दोन वर्षांनी येतं आणि त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात. उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियनचं ‘स्टेबल’ हे पक्कं व्हर्जनही साधारण दोन वर्षांनी येतं. रिलीजच्या काही महिने आधी सगळ्या पॅकेजची, म्हणजे एपीटीतून मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची, व्हर्जन गोठवतात, कारण हजारो पॅकेज एकमेकांवर अवलंबून असतात आणि ती सगळी एकत्र तपासावी लागतात. रिलीज झाल्यावर त्या व्हर्जनमध्ये फक्त दुरुस्त्या येतात, नवी सोय येत नाही.

प्रोग्रामिंगच्या भाषांची साधनं मात्र वेगळ्या वेगाने पळतात. रस्टचं नवं व्हर्जन दर सहा आठवड्यांनी येतं. गोचं दर सहा महिन्यांनी येतं, आणि गोची टीम शेवटच्या दोनच मोठ्या व्हर्जनना सांभाळते. नोडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. उबुंटू २२.०४ बाहेर आलं २१ एप्रिल २०२२ ला, आणि नोड १२ चा सपोर्ट संपला ३० एप्रिल २०२२ ला. म्हणजे नव्या कोऱ्या एलटीएसमधला नोड नऊ दिवसांत मूळ टीमच्या दृष्टीने संपलेला होता. २४.०४ मध्ये नोड १८ आला, त्याचाही सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये संपला.

यात कुणाचा आळस नाही. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात मशीनशेजारी एखादा कॉम्प्युटर पाच वर्षं न कुरकुरता चालायला हवा असेल, तर साधनं मध्येच न बदलणं हीच त्याची खरी गरज असते. तिथे बसवायच्या कामाला मी डोळे झाकून डेबियन स्टेबल आणि त्यातलाच पायथन सुचवेन. तुमची गरज वेगळी आहे, एवढंच.

पायरी १: कुठलं साधन, कुठून आलेलं, ते बघा

काहीही नवं टाकण्याआधी तीन कमांड चालवा.

‘नोड --व्हर्जन’ म्हणजे सध्या चालतंय ते व्हर्जन.

‘टाइप -ए नोड’ म्हणजे या नावाचे प्रोग्राम मशीनवर कुठे कुठे आहेत. पहिली ओळ महत्त्वाची, कारण चालतो तो पहिलाच. ‘/यूएसआर/बिन’ दिसलं तर तो एपीटीचा, ‘/यूएसआर/लोकल’ दिसलं तर कुणीतरी हाताने टाकलेला, ‘/होम’ दिसलं तर तुमचा स्वतःचा.

‘एपीटी पॉलिसी नोडजेएस’ म्हणजे एपीटीकडे कुठलं व्हर्जन आहे आणि ते कुठल्या रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजच्या साठ्यातून, येतंय.

जुना सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल तर दुसरी कमांड अजिबात चुकवू नका. आधीच्या मालकाने तीन ठिकाणी तीन नोड टाकून ठेवलेले असतात. आपण एक अपडेट करतो आणि चालत भलताच राहतो.

पायरी २: नंबर जुना दिसला म्हणून घाबरू नका

इथे नवशिके दोन्ही बाजूंनी फसतात, म्हणून जरा थांबून बघू.

पॅकेजच्या नंबराच्या शेवटी ‘+डेब१२यू१’ किंवा ‘उबुंटू०.३’ असं शेपूट दिसतं. त्याचा अर्थ, मूळ नंबर तोच ठेवून त्यात दुरुस्त्या भरल्या आहेत. २०१४ साली ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचा गंभीर दोष सापडला. मूळ टीमने तो १.०.१जी मध्ये दुरुस्त केला. डेबियन ७ मध्ये मात्र व्हर्जन १.०.१ई हेच राहिलं आणि दुरुस्ती ‘डेब७यू५’ या शेपटासह आली. नुसतं ‘ई’ हे अक्षर बघणाऱ्याला ते असुरक्षित वाटलं असतं, पण दोष बुजवलेला होता. तेव्हा सुरक्षेचा प्रश्न असेल तर ‘एपीटी चेंजलॉग’ पुढे पॅकेजचं नाव देऊन काय काय दुरुस्त झालंय ते वाचा.

दुसरी बाजू अशी की उबुंटूतली सगळी पॅकेज सारख्याच काळजीने सांभाळली जात नाहीत. ‘मेन’ विभागाची जबाबदारी उबुंटूमागची कंपनी कॅनॉनिकल घेते. ‘युनिव्हर्स’ विभाग मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतो, आणि नोड त्यातच आहे. युनिव्हर्ससाठी नियमित सुरक्षा अपडेट हवे असतील तर कॅनॉनिकलची ‘उबुंटू प्रो’ ही सेवा घ्यावी लागते. वैयक्तिक वापराला ती पाच मशीनपर्यंत मोफत आहे. ‘एपीटी पॉलिसी’च्या उत्तरात विभागाचं नाव दिसतं, ते मी प्रत्येकाला बघायला लावतो.

थोडक्यात, स्वतःला विचारायचं ते हे: माझ्या प्रोजेक्टला लागणारी एखादी गोष्ट या व्हर्जनमध्ये कमी आहे का? किंवा हे व्हर्जन सांभाळणं सगळ्यांनीच सोडून दिलंय का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर एपीटीचंच वापरा आणि अभ्यासाला लागा. पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रामिंगला किंवा डेटा स्ट्रक्चरला नव्या कंपाइलरची काहीच गरज नसते.

पायरी ३: सिस्टमच्या पायथनला हात लावू नका

नोड बिघडला तर प्रोजेक्ट अडतो, पायथन बिघडला तर लॅपटॉपच अडतो. उबुंटूची बरीच साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत, अगदी टर्मिनल उघडणारी छोटी स्क्रिप्टसुद्धा. कुठल्या तरी व्हिडिओत सांगतात, ‘अपडेट-अल्टर्नेटिव्ह्जने पायथन३ ची लिंक नव्या व्हर्जनकडे फिरवा’. फिरवली की काय होतं? ‘एपीटी अपडेट’ मारलं की ‘नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी’ अशी एरर येते. टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक केलं तर क्षणभर गोल फिरतं आणि काहीच उघडत नाही. ते मॉड्यूल सिस्टमच्या मूळ पायथनसाठीच बनवलेलं असतं, नव्याला ते सापडत नाही.

हे आधीच झालं असेल तर फॉरमॅट मारायची गरज नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा आणि लिंक मूळ जागी न्या. २२.०४ वर कमांड आहे ‘सुडो एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३’. २४.०४ वर ३.१० च्या जागी ३.१२, डेबियन १२ वर ३.११, डेबियन १३ वर ३.१३. मग रीस्टार्ट करा.

मुळात हे टाळायचं कसं? व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटने, म्हणजे प्रोजेक्टपुरत्या पायथनच्या वेगळ्या कप्प्याने. आधी ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह’, कारण हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’, आणि ‘सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट’. आता पिपने (पायथनच्या लायब्ररी टाकणाऱ्या साधनाने) जे टाकाल ते याच फोल्डरमध्ये राहील.

डेबियन १२ पासून आणि उबुंटू २४.०४ वर, हे न करता पिप चालवलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी लांबलचक एरर येते. त्या एररमध्येच जबरदस्तीने टाकण्याचा एक पर्याय दिलेला असतो, ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ नावाचा. नाव पुन्हा एकदा वाचा. तो पर्याय जे म्हणतो तेच करतो.

पायथनच नवा हवा असेल, म्हणजे २२.०४ वर ३.१२ लागत असेल, तर ‘यूव्ही’ नावाचं साधन बघा. ते हव्या त्या व्हर्जनचा तयार पायथन तुमच्या होममध्ये उतरवतं आणि सिस्टमच्या पायथनला धक्का लागत नाही. पायएन्व्ह या दुसऱ्या साधनानेही हेच होतं, पण ते पायथन मूळ सोर्स कोडमधून कंपाइल करतं. साध्या लॅपटॉपवर त्याला बराच वेळ लागतो आणि आधी डझनभर डेव्हलपमेंट पॅकेज टाकावी लागतात.

पायरी ४: नोड बदला, एनव्हीएमने

नोडसाठी नवशिक्यांना मी एनव्हीएमच सांगतो, म्हणजे नोडची हवी ती व्हर्जन होम फोल्डरमध्ये टाकणारं साधन. कारण सरळ आहे: सुडो लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्हाला सुडो मिळणारच नाही, तिथेही हे चालतं.

स्वतःच्या लॅपटॉपवर असाल तर आधी तुम्हीच एपीटीने टाकलेला नोड काढून टाका: ‘सुडो एपीटी रिमूव्ह नोडजेएस एनपीएम’, मग ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’. ऑटोरिमूव्हला किती पॅकेज निघतात ते बघून दचकू नका. डेबियन-उबुंटूत एनपीएमचे छोटे छोटे भागही वेगळी पॅकेज म्हणून येतात. तरी ‘यस’ म्हणण्याआधी यादी वाचा. त्यात ‘नोड-’ने सुरू होणारी नावं सोडून डेस्कटॉपचं काही दिसलं तर थांबा.

आता एनव्हीएमच्या अधिकृत गिटहब पानावरची इन्स्टॉलची ओळ घ्या. ती ओळ स्क्रिप्ट उतरवून लगेच चालवते. मी सांगेन, आधी स्क्रिप्ट फाइलमध्ये उतरवा, डोळ्यांखालून घाला, मग चालवा. सगळं कळणार नाही, हरकत नाही. कुठल्या फोल्डरमध्ये काय लिहितेय एवढं कळलं तरी पुरे. इंटरनेटवरून आलेली स्क्रिप्ट न वाचता चालवायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. ही बारीक गोष्ट विसरली की ‘कमांड नॉट फाउंड’ येतं आणि लोक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मग ‘एनव्हीएम इन्स्टॉल --एलटीएस’. डाउनलोड पन्नास एमबीच्या आत असतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही निभावतं. नोडची सम आकड्यांची व्हर्जन एलटीएस होतात, म्हणून २१ किंवा २३ च्या मागे लागू नका.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘.एनव्हीएमआरसी’ नावाची फाइल करून तिच्यात फक्त व्हर्जनचा आकडा लिहा. त्या फोल्डरमध्ये गेल्यावर ‘एनव्हीएम यूज’ म्हटलं की तेच व्हर्जन लागू होतं. व्हर्जन बदलल्यावर ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर पूर्ण उडवा आणि ‘एनपीएम सीआय’ चालवा. काही लायब्ररींत कंपाइल केलेला भाग असतो, आणि तो जुन्या नोडसाठी बनलेला असतो.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. ‘सुडो नोड’ म्हटलं तर एनव्हीएमचा नोड सापडणार नाही, कारण सुडो तुमचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी, वापरत नाही. ३००० किंवा ८०८० पोर्टवर सर्व्हर चालवायला सुडो लागतही नाही. दुसरं, कुणी नोडसोर्सची (नोडची नवी पॅकेज देणारी) रिपॉझिटरी जोडायला सांगितली आणि २२.०४ वर ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ अशी एरर आली, तर शेवटचं नाव बघा. तिथे ‘लिबनोड-डेव्ह’ असेल. उबुंटूचं ते पॅकेज आधी काढा, मग नवं बसेल.

पायरी ५: गो आणि रस्ट

गोमध्ये एक एरर अशी आहे की तिच्यामुळे भलेभले चुकीच्या दिशेला जातात. २२.०४ चा गो १.१८ आहे. त्यावर आजचा प्रोजेक्ट उघडला की येतं: ‘इनव्हॅलिड गो व्हर्जन १.२१.०: मस्ट मॅच फॉरमॅट १.२३’. वाचणाऱ्याला वाटतं, गो १.२३ टाकायला सांगतंय. तसं नाही. तो १.२३ निव्वळ नमुना आहे, ‘दोन आकडे, मध्ये एक टिंब’ असं दाखवणारा. गो १.२३ निघालं ऑगस्ट २०२४ मध्ये, आणि गो १.१८ त्याच्या दोन वर्षं आधीचं. त्याला ते माहीतच असणं शक्य नाही. जुन्या गोला तीन आकड्यांचं व्हर्जन वाचता येत नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

मग कुणी प्रोजेक्टच्या ‘गो.मॉड’ फाइलमधला गोच्या व्हर्जनचा आकडा कापून १.२१ करतं. ती एरर जाते, आणि पुढची येते: ‘पॅकेज स्लाइसेस इज नॉट इन गोरूट’. कारण ते पॅकेजच १.२१ मध्ये आलं. फाइल पूर्ववत करा आणि गो बदला.

गोच्या अधिकृत साइटवरून लिनक्सची टारबॉल, म्हणजे सगळं एकत्र बांधलेली फाइल, घ्या. आधीचं ‘/यूएसआर/लोकल/गो’ फोल्डर असेल तर ते पूर्ण काढा, त्यावरच नवं उलगडू नका. जुन्या-नव्या फाइली मिसळल्या की कारण न कळणाऱ्या एरर येतात. मग उलगडा आणि ‘.प्रोफाइल’मध्ये पाथच्या सुरुवातीला ‘/यूएसआर/लोकल/गो/बिन’ जोडा. सुडो नसेल तर हेच होम फोल्डरमध्ये करा, काही फरक पडत नाही. साइटवरचा गो १.२१ किंवा नंतरचा असेल तर पुढचं काम सोपं आहे. ‘गो.मॉड’मध्ये त्याहून नवं व्हर्जन मागितलेलं असेल तर तो ते स्वतःच उतरवून घेतो.

रस्टसाठी रस्टअप (रस्टची व्हर्जन टाकणारा आणि बदलणारा प्रोग्राम) हे एकच नाव लक्षात ठेवा. २४.०४ वर रस्ट १.७५ आहे. ‘लॉक फाइल व्हर्जन ४’ किंवा ‘एडिशन२०२४ इज रिक्वायर्ड’ अशी एरर आली की समजा व्हर्जन कमी पडतंय. २०२४ एडिशन रस्ट १.८५ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२५ पासून चालते. एपीटीचे ‘रस्टसी’ आणि ‘कार्गो’ काढा. २४.०४ आणि डेबियन १३ वर रस्टअप एपीटीतूनच मिळतो. टाका आणि ‘रस्टअप डिफॉल्ट स्टेबल’ म्हणा. डेटा जपून वापरायचा असेल तर आधी ‘रस्टअप सेट प्रोफाइल मिनिमल’ करा, म्हणजे डॉक्युमेंटेशनचं ओझं उतरत नाही.

जावाबद्दल फार सांगायला नको. एपीटीतून दोन जेडीके (जावाचे साधनसंच) शेजारी शेजारी बसतात आणि ‘अपडेट-अल्टर्नेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा’ने बदलता येतात. जावासाठी ही कमांड याच कामाची आहे, तिथे बिनधास्त वापरा. पायथनसाठी मात्र नाही.

उलटा प्रकार: साधन नवं, प्रोग्राम जुना

टर्बो सी या जुन्या कंपाइलरवर शिकलेल्यांच्या वह्यांतले प्रोग्राम अजून फिरतात. फंक्शन आधी जाहीर न करता वापरायचं, प्रकार लिहायचाच नाही, असं त्यांत सर्रास असतं. लिनक्सवरचा सी कंपाइलर जीसीसी, त्याच्या १४ व्या व्हर्जनपासून, म्हणजे डेबियन १३ वर, अशा गोष्टींना वॉर्निंग न देता थेट एरर येते. तात्पुरतं ‘-एसटीडी=जीएनयू८९’ लावलं तर बरेचसे प्रोग्राम चालतात. टर्बो सीचं ‘कोनिओ.एच’ हे हेडर मात्र लिनक्सवर कधीच नव्हतं, तिथे प्रोग्रामच बदलावा लागेल. आणि माझं स्पष्ट मत सांगतो: शिकायच्या काळात एरर देणारा कंपाइलर चांगला. हेडर फाइल जोडा, ‘व्हॉइड मेन’चं ‘इंट मेन’ करा, दहा मिनिटांचं काम आहे.

काय करू नये

डेबियन स्टेबलमध्ये टेस्टिंगची, म्हणजे पुढच्या रिलीजच्या तयारीची, रिपॉझिटरी जोडून एखादंच नवं पॅकेज ओढू नका. ते आपल्याबरोबर नवी सी लायब्ररी ओढतं, आणि मग ना धड स्टेबल ना धड टेस्टिंग अशी सिस्टम उरते. डेबियनवर नवं हवंच असेल तर बॅकपोर्ट्स आहेत, ती त्याच स्टेबलसाठी बनवलेली असतात. ‘सुडो पिप’ आणि ‘सुडो एनपीएम’ ही जोडी तर टाळाच.

पॅकेज जुनं दिसलं म्हणून सांभाळणाऱ्याला रागाने लिहू नका. तो बहुधा स्वयंसेवक असतो. आधी डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर बघा, नवं व्हर्जन पुढच्या रिलीजसाठी आलंय का. नसेल तर ‘रिपोर्टबग’ने ‘विशलिस्ट’ दर्जाची नोंद करा आणि कुठल्या कामासाठी कुठलं व्हर्जन लागतंय ते दोन ओळींत लिहा.

पायरी ६: दुसऱ्याच्या मशीनवर चालतंय का, ते तपासा

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर चालून भागत नाही, कधी कधी लॅबच्या मशीनवर दाखवावा लागतो. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टसोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये, सिस्टमचं नाव, भाषेचं व्हर्जन आणि सुरुवातीपासूनच्या कमांड क्रमाने लिहा. मग आपल्याच लॅपटॉपवर ‘सुडो ॲडयूजर’ने एक नवा यूजर करा, त्याने लॉगिन करा, प्रोजेक्ट गिटवरून उतरवा आणि फक्त रीडमीत लिहिलंय तेवढंच करत जा. नव्या यूजरच्या होममध्ये तुमचा एनव्हीएम नाही, व्हेन्व्ह नाही, पाथमधली जोडणी नाही. जिथे अडाल ती ओळ रीडमीत भरा आणि पुन्हा चालवा. हे सबमिशनच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे लॅबमध्ये इंटरनेट बंद निघालं तर काय करायचं तेही ठरवता येईल. त्यासाठी नोड, गो वगैरेंच्या टारबॉल आणि प्रोजेक्टच्या लायब्ररी पेनड्राइव्हवर जवळ ठेवा.